विहिरीवरची टॉकीज

मी विजयमाला टॉकीज बोलतेय. अक्कलकोटहून कर्नाटकच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिरेबोरी नावाचं बाजाराचं गाव आहे. गावात शिरताना डाव्या हाताला बिनछपराच्या तीन भिंती दिसतात, त्या माझ्या. रस्त्याकडच्या भिंतीवर माझं नाव अजून अर्धंमुर्धं वाचता येतं. एसटीतली नवी माणसं विचारतात, "हितं काय होतं?" जुनी माणसं म्हणतात, "थेटर होतं." आणि लगेच विषय बदलतात.

तो विषय का बदलतात, ते आता सांगून टाकते. माझे दिवस भरत आलेत, आणि माझ्यामागं हे सांगणारं कुणी राहील असं वाटत नाही.

माझ्या जन्माआधीचं जे मला ठाऊक आहे, ते गोजरबाईमुळं. गोजरबाई शेजारच्या रानातली. तिचा सगळा जन्म इथल्या मातीत गेला होता. पुढं ती माझ्याकडं झाडलोटीला लागली. खराटा मारता मारता स्वतःशीच बोलायची तिला सवय होती, आणि रिकाम्या टॉकीजमध्ये ते ऐकायला माझ्याशिवाय होतं कोण?

तर इथं आधी कोंडीबा नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं आणि रानात दगडी बांधणीची गोल विहीर होती. कोंडीबानं लेकीच्या लग्नात हा तुकडा तिला चोळी-बांगडीला म्हणून दिला. लेक विजयमाला. ती हिरेबोरीतल्या मानसिंगरावांच्या घरी दिलेली. मानसिंगरावांचं अडतीचं दुकान होतं. मालाबरोबर सोलापूरला गेले की एका दिवसात दोन-दोन सिनेमे बघून ते परत यायचे आणि चार दिवस तेच सांगत बसायचे. आपल्या गावात टॉकीज काढायची हे त्यांच्या डोक्यात बसलं. रस्त्याला लागून, वीज मिळेल अशी जागा एकच होती. बायकोची. आणि विहीर तिच्या ऐन मधोमध.

"दुसरीकडं बगा की," विजयमाला म्हणाली होती. "आबानं दिलेली हीर हाय ती. कवा आटली न्हाय."

"जमीन तुझीच ऱ्हाईल. नाव बी तुझंच देतो टॉकीजला," मानसिंगराव म्हणाले. "हिरीचं पाणी चार मान्सं नेत्यात. टॉकीजला चार गावं येतील."

विहीर बुजवायला घेतली तेव्हा कोंडीबा काठी टेकत आला. पडणाऱ्या दगडांचा आवाज ऐकत उभा राहिला. म्हणाला, "जावईबापू, बुजीवलेली हीर बसाया वरसं लागत्यात. दोन पावसाळं तरी जाऊ द्या, मग काय बांदायचं ते बांदा."

मानसिंगरावांनी मान डोलावली आणि त्याच उन्हाळ्यात माझा पाया काढला. एकोणसत्तर सालच्या दसऱ्याला माझा नारळ फुटला. त्याआधीच कोंडीबा गेला होता.

माझं रूप तसं साधं. वर पत्रे, मागं खुर्च्या, मध्ये बाकडी, आणि पडद्याच्या पुढ्यात शहाबादी फरशी. त्या फरशीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या जागेला सगळे 'जमीन' म्हणायचे. जमिनीचं तिकीट सगळ्यात स्वस्त, त्यामुळं गर्दी सगळ्यात जास्त तिथंच. बायकांना एका बाजूला छातीएवढ्या भिंतीचा आडोसा. विहीर बरोबर जमिनीखाली होती, पडद्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटून.

पहिल्या दिवशी पडद्यावर उजेड पडला तेव्हा लोक श्वास रोखून बसले. मग गाणं लागलं आणि जमिनीवरल्या पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली. मला तो आवाज तेव्हाच खटकला. बाकड्यांखाली पाय आपटला की ठक् वाजायचं. पडद्यापुढं घुमायचं.

पहिल्या पावसाळ्यात तिथली फरशी वीतभर खचली. मानसिंगरावांनी मुरूम टाकून, सिमेंट ओतून वर नवी फरशी घातली. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा खचली, पुन्हा भरली. या वेळी सिमेंट जरा जाडच घातलं. "आता शंभर वरसं बघाया नगो," ते म्हणाले. वरून बघणाऱ्याला ते खरंच वाटलं असतं. पडद्याच्या भिंतीत एक भेग मात्र खालून वर चढायला लागली होती. तिच्यावर चुना मारला. चुना वाळला की भेग पुन्हा दिसायची, थोडी वर गेलेली.

विजयमालाबाई माझ्यात कधी सिनेमा बघायला आल्या नाहीत. गावातल्या बायका त्यांना म्हणायच्या, "तुमच्या नावाचं थेटर, आन तुमीच येत न्हाई?" त्या हसून टाळायच्या. पण सकाळी, खेळ नसताना, त्या कधी कधी मागच्या दारानं यायच्या. गोजरबाई झाडत असायची. दोघी बाकड्यावर बसून सुपारी खायच्या आणि विजयमालाबाईंची नजर फरशीवर खिळलेली असायची. लहानपणी त्या याच विहिरीत पोहायला शिकल्या होत्या.

मग बहात्तर साल उजाडलं.

त्या वर्षाचं मी काय सांगू. पत्र्यावर पावसाचा आवाज ऐकायची मला सवय होती, तो आवाजच आला नाही. आजूबाजूच्या विहिरी एकेक करून आटल्या. लोकांनी त्या आणखी खोल खणल्या, तेव्हा दोन दिवस गढूळ पाणी आलं आणि पुन्हा दगड लागला. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. टँकर आला तर यायचा, त्याच्यामागं बायका घागरी घेऊन धावायच्या.

आणि तरी मी भरून जायचे. बाजारच्या दिवशी कामाचा पगार व्हायचा आणि तीनच्या खेळाला जमिनीवर पाय ठेवायला जागा नसायची. ओठ सुकलेली, हाताला फोड आलेली माणसं वर तोंड करून बसायची. पडद्यावर नदी आली, धबधबा आला की सगळे गप्प व्हायचे. शिट्टी नाही, टाळी नाही. नुसते बघत राहायचे. त्या शांततेत मला माझ्या खालचा आवाज ऐकू यायचा. आजूबाजूचं पाणी खोल गेल्यावर विहिरीत टाकलेला मुरूम खाली खाली बसत चालला होता. एखादा दगड निसटायचा आणि बऱ्याच वेळानं कुठंतरी टेकायचा.

माघात एके दिवशी बायकांचा घोळका माझ्या दारात आला. विजयमालाबाई आत होत्या. हद्दीपलीकडून लग्न होऊन आलेली एक बाई रिकामी घागर दाखवून म्हणाली, "नीर इल्लरी, अक्का. पाणी न्हाय." बाकीच्यांनी तेच मराठीत सांगितलं. तुमच्या वडिलांची विहीर उकरा. ती आटलेली कुणी पाहिली नाही.

"मालकास्नी सांगते," विजयमालाबाई म्हणाल्या.

बायका गेल्यावर त्या पडद्यापुढं आल्या. गोजरबाईनं खराट्याचा दांडा उलटा धरून फरशीवर आपटला. बाकड्यांपाशी आपटला, मग पुढं. विजयमालाबाईंनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि फरशीला कान लावला.

"परत मार, गोजराक्का."

गोजरबाईनं परत दांडा आपटला.

विजयमालाबाई उठल्या. "खाली काय बी न्हाय," त्या म्हणाल्या. "नुसती फरशी हाय."

मानसिंगराव तिकिटाच्या खोलीत होते. त्यांनी बायकोचं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, हे मी सांगायलाच हवं. त्या वर्षी कुणाकडं तिकिटाला कमी पडलं तर ते त्याला आत सोडायचे.

"मुरूम हाय तितं," ते म्हणाले. "मी सोता उबा ऱ्हाऊन भरलाय. पाणी कुटनं येनार? आन हीर उकरायची म्हंजे पडद्याची भिंत पाडायची."

"भिंत पडू द्या. पर निदान पुडं मान्सं बशिवनं बंद करा."

"मग खडी फोडनाऱ्या गरिबानं बसायचं कुटं? आठ दिस धुरळा खात्यात ती. तीन घटका हसत्यात हितं. ते बी काडून घिऊ?"

विजयमालाबाई घरी गेल्या. पण बाजारच्या दिवशी त्या आल्या.

तीनचा खेळ सुरू होता. मी गच्च भरले होते. वर केबिनमध्ये बिरप्पा मशीन चालवत होता, तो पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होता. विजयमालाबाई बायकांच्या बाजूनं आत शिरल्या, आडोशाला वळसा घालून सरळ पडद्यापुढं गेल्या आणि लोकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मशीनचा झोत त्यांच्या अंगावर पडला. पडद्यावर नाचणाऱ्या नटीचे हातपाय त्यांच्या लुगड्यावरून सरकत होते. लोकांना आधी कळेना. मग कुणीतरी ओरडलं, "बाई, बाजूला व्हा की."

बिरप्पानं मशीन थांबवलं आणि दिवे लावले.

"उटा," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचला. "जमिनीवरली सगळी उटा. धावू नगा. एकेकानं मागं सरा. ह्या फरशीखाली हीर हाय आन ती पोकळ झालीया."

काही जण उठले. बायकांनी लेकरं उचलली. अजून थोडा वेळ मिळाला असता तर ती जागा रिकामी झाली असती.

मानसिंगराव मधल्या वाटेनं आले. सगळ्या गावासमोर बायको उभी होती, तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला. ते तिला ओलांडून पुढं गेले. लोकांकडं वळले आणि म्हणाले, "बगा." आणि त्यांनी फरशीवर उडी मारली. दांडगा गडी. दोन्ही पायांनी, पुन्हा पुन्हा, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते उड्या मारत गेले.

फरशी हलली नाही.

आधी एक जण हसला, मग सगळे हसले. कुणीतरी शिट्टी वाजवली. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली, आधीपेक्षा जास्तच ऐसपैस. "चला, घरला जावा," मानसिंगराव बायकोला हळू म्हणाले. विजयमालाबाईंनी पदर सावरला आणि त्या हसण्यातून वाट काढत बाहेर गेल्या.

बिरप्पानं दिवे मालवले. खेळ पुढं सुरू झाला. वरून हसणं, टाळ्या. खाली मात्र सिमेंटला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून वाळू झरत होती. बारीक, सारखी. मला ती ऐकू येत होती. सांगायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई झाडायला आली. तिला विजयमालाबाईंनी पुढं जाऊ नको म्हणून सांगून ठेवलं होतं. पण जमिनीवर शेंगांच्या टरफलांचा खच पडलेला. "मालक नाचलं की काल तितं," ती स्वतःशी म्हणाली. "माझं म्हातारीचं वजन ते कितीसं." बिरप्पा वर केबिनमध्ये भिंगं पुसत होता. त्यानं नंतर पोलिसांना सांगितलं की त्याला पडल्याचा आवाज आलाच नाही. खराट्याचा आवाज तेवढा थांबला. त्यानं भोकातून खाली बघितलं. पडद्यापुढं फरशी नव्हती. तिथं काळं तोंड उघडलं होतं आणि त्यातून धूळ वर येत होती.

बिरप्पा धावत सुटला. घटकाभरात गाव जमा झालं. कुणीतरी बैलगाडीचा सोल, जाडजूड दोर, आणला. आत उतरायला कुणी पुढं होईना, कारण कडेचा मुरूम अजून ढासळत होता आणि पडद्याची भिंत खड्ड्यावर वाकली होती. मानसिंगरावांनी अंगरखा काढला, सोल कमरेला बांधला आणि ते उतरले.

दिवस चढला, कलला. ते हातांनी उकरत होते. पाट्या भरून वर येत होत्या. दगड, मुरूम, सिमेंटची ढेकळं. गोजरबाईचा मुलगा जोतीराम खडीच्या कामावरून धावत आला. त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. विजयमालाबाई कडेला उभ्या होत्या. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. आदल्या दिवशी हसलेली सगळी माणसं तिथंच होती.

उन्हं उतरताना गोजरबाईला वर काढलं. तिच्या मागून मानसिंगराव आले. ते काठावर गुडघे टेकून बसले आणि त्यांचे हात सगळ्यांना दिसले. कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. ओला चिखल. बोटांच्या टोकांवरून त्याचे थेंब खाली पडत होते.

गाव त्या हातांकडं बघत राहिलं. एक बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ती गोजरबाईसाठी रडत होती की त्या चिखलासाठी, ते मला कळलं नाही. मला वाटतं तिलाही कळलं नसावं.

पंचनामा झाला. अपघात म्हणून नोंद झाली. मानसिंगरावांना कुणी काही म्हणालं नाही, जोतीरामसुद्धा नाही. गोजरबाईचं तेरावं झाल्यावर विजयमालाबाई आल्या. मानसिंगराव तिकिटाच्या खोलीत अंधारात बसले होते.

"हीर उकरा," त्या दारातूनच म्हणाल्या.

त्यांनी मशीन काढून विकलं. पत्रे उतरवले. पडद्याची भिंत माणसं लावून दोरांनी बाहेरच्या बाजूला ओढून पाडली. मी उघडी पडले. जिथं अंधार करायला माझी दारं लावायचे, तिथं भर दुपारचं ऊन आलं. विहिरीतला गाळ निघत गेला आणि खाली जुन्या दगडाच्या फटीतून पाणी आलं. थोडंच, पण थांबलं नाही.

पाणी निवळलं त्या दिवशी बायका घागरी घेऊन आल्या आणि बाकड्यांच्या जागी उभ्या राहिल्या. पोहरा कुणी सोडेना. ज्या विहिरीनं माणूस घेतलं तिचं पाणी पहिल्यांदा कुणी प्यायचं? विजयमालाबाईंनी पोहरा सोडला, भरून वर काढला. पण त्याही तो हातात धरून उभ्याच राहिल्या.

जोतीराम गर्दीतून पुढं आला. त्यानं ओंजळ पुढं केली. "घाला, वैनी," तो म्हणाला. "आईनं ह्येच पानी पाजून आमाला वाडवलं." विजयमालाबाईंनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. तो प्याला, तोंडावरून हात फिरवला आणि निघून गेला. पुन्हा तो इकडं कधी आला नाही. त्या उन्हाळ्यात अख्खं गाव आणि जनावरं हे पाणी प्याली.

ते सगळं होऊन सहा वर्षं झाली. पाऊस आता बरा पडतो. मानसिंगराव थकलेत, रोज सकाळी येऊन काठावर बसतात. बायका पाणी भरतात, ते बघत असतात. बाकी माझ्यात गवत उगवलंय, केबिनमध्ये होले-पारवे राहतात.

गेल्या महिन्यात मुकुंद आला. हा विजयमालाबाईंचा मुलगा. दुष्काळात तो सोलापूरला मामाकडं शिकत होता, त्यानं ते वर्ष इथं पाहिलंच नाही. आता तिकडंच त्याचा धंदा आहे. त्याच्याबरोबर एक कंत्राटदार होता. दोघांनी टेप लावून मला मोजलं. पक्की टॉकीज बांधायची, बाल्कनीची. गुळगुळीत छत. पडदा दुप्पट मोठा.

"ह्या खड्ड्याचं काय?" कंत्राटदारानं विचारलं.

"बुजवायचा. आता नळ येणारेत गावात," मुकुंद म्हणाला.

"मग बाहेरनं मुरूम आणायलाच नको. ह्या भिंती पाडल्या की त्यांच्याच राडारोड्यानं भरून निघतोय."

त्यांनी चुन्यानं आखणी केली. एक पांढरी रेघ मानसिंगरावांच्या पायाजवळून, विहिरीच्या काठावरून गेली. ते उठले नाहीत. मुकुंदानं "आप्पा, जरा सरका" म्हटलं, तेव्हा त्यांनी मुलाकडं असं बघितलं की तोच दोन पावलं मागं सरला.

संध्याकाळी विजयमालाबाई आल्या. त्यांनी चपला काढल्या आणि पायानं ती रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसानं पुन्हा आखली. त्यांनी पुन्हा पुसली.

"आई, हट्ट करू नकोस," मुकुंद म्हणाला. "जमीन तुझ्या नावावर आहे म्हणून थांबलोय. एक सही दे. नाहीतरी आज ना उद्या हे माझ्याकडंच येणार."

"व्हय, येनार," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर. तवर मी हितंच हाय."

मुकुंद हसला. वाईट पोरगा नाही तो. बापाच्या हसण्यासारखंच त्याचं हसणं आहे, भरवशाचं. तो म्हणाला, "बरं, थांबतो." आणि कंत्राटदाराला हळूच विचारलं, सिमेंट किती जाड घालावं लागेल.

काल विजयमालाबाई पाण्याची घागर उचलताना मध्येच थांबल्या. छातीला हात लावून बराच वेळ काठावर बसून राहिल्या. मानसिंगराव उठून त्यांच्याजवळ गेले. किती तरी वर्षांनी त्या दोघांना मी शेजारी बसलेलं पाहिलं. उठताना बाईंना आधार लागला. आज त्या आल्या नाहीत. रेघ पुसलेली नाही.

मला वाचवा असं माझं म्हणणं नाही. भिंतींचं काय, पाडा. दगड रस्त्याला वापरा, विटा कुणाच्या घराला लावा. नवी टॉकीज गावच्या दुसऱ्या टोकाला, सडकेच्या पलीकडं बांधा आणि पोटभर हसा. पण माझा राडारोडा त्या विहिरीत टाकू नका. आणि ऐकायचंच नसेल, टाकलाच, वर जाड सिमेंट घालून चकचकीत फरशी केलीच, तर पहिल्या खेळाला दारात एक माणूस उभा करा. जमिनीचं तिकीट काढून लेकराला कडेवर घेऊन पुढं चाललेल्या प्रत्येक बाईला त्यानं थांबवावं आणि ती कुठं बसणार आहे, ते तिला सांगावं.